दिंद्रुडला नेलेलं शेवाळ

बीड जिल्ह्यातून परत आल्यापासून आमच्या वाडीतली माणसं मला दोनच प्रश्न विचारतात. तिकडे पाणी मिळतं का, आणि मासे नसताना ती माणसं जेवतात तरी कशाशी? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मिळतं, आणि आपल्यापेक्षा जपून वापरतात. दुसऱ्याचं उत्तर दारात उभ्याउभ्या देण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी मालवणजवळ राहते. आम्ही काही बायका मिळून समुद्रातलं शेवाळ गोळा करतो, धुतो, वाळवतो आणि विकतो. माझा स्वभाव काळजीचा. घरात सगळं ठीक असलं की मला जास्त धाकधूक होते, कारण मग नेमकं काय बिघडणार आहे ते कळत नाही. या खेपेला मात्र काळजीला कारण होतं. माझी मुलगी प्राची माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला सासरी असते. कृषी महाविद्यालयात तिला विकास भेटला आणि आमचं किनाऱ्यावरचं माणूस कापसाच्या मुलखात गेलं. तिला सातवा महिना लागला होता. थायरॉइडची गोळी चालू, रक्त कमी, आणि अन्न पुढे आलं की तोंड फिरवायची. वजन वाढायच्या दिवसांत घटत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण एवढ्या अशक्त बाईने इतका लांबचा प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे तिला आणता येणार नव्हतं. मग मीच निघाले.

फोनवर ती म्हणाली, "आई, येताना समुद्राचं काहीतरी आण ग. खाल्लं नाही तरी वास घेईन."

मासे न्यायचा प्रश्नच नव्हता. तिच्या सासूबाई, कौसाबाई, माळकरी. त्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी विचार केला, शेवाळ तर झाडपाल्यातलं. त्याला कोण नाही म्हणणार?

तीन पुड्या

मी तीन पुड्या बांधल्या. पहिली हिरव्या शेवाळाची. हे खडकावर पातळ पानांसारखं वाढतं, उन्हात वाळवलं की हातात चुरतं. आमच्या गटात आम्ही त्याला समुद्री पालक म्हणतो, कारण काहीतरी म्हणायला हवं. गावात पूर्वीपासून सगळ्यालाच नुसतं शेवाळ म्हणतात. त्यात लोह असतं, मॅग्नेशियम असतं, पोटाला लागणारा चोथा असतो. पिठात चिमूटभर मळलं तर भाकरीला किंचित खारट चव येते. दुसरी पुडी तांबड्या शेवाळाची, दोऱ्यासारख्या वाळक्या काड्या. अशाच शेवाळापासून चायना ग्रास करतात. दुधात शिजवून गार केलं की वडी पडते, पोटाला हलकी आणि ज्याला काही गिळवत नाही त्यालाही जाणारी.

तिसरी पुडी तपकिरी. हे शेवाळ लहान पंख्यासारखं दिसतं, वरून काळपट, खालून पांढुरकं, वाळलं की कडा वळतात. तपकिरी शेवाळात आयोडीन भरपूर. थायरॉइडला आयोडीन लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण थायरॉइड आधीच बिघडलेलं असेल तर जास्तीचं आयोडीन त्याला आणखी बिघडवू शकतं, आणि पोटातल्या बाळाच्या थायरॉइडलाही ते सोसत नाही. आमच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, हिरवं आणि तांबडं तिथल्या डॉक्टरांना विचारून थोडंसं, तपकिरी मुळीच नाही. म्हणून ती पुडी प्राचीसाठी नव्हतीच. आम्ही ते माडाच्या बुंध्यात खत म्हणून घालतो. प्राचीच्या सासऱ्यांनी, आबांनी, परसात टमाटे लावले होते. त्यांच्यासाठी भेट.

तिन्ही पुड्या एका कापडी पिशवीत घातल्या आणि ती पिशवी मी सबंध प्रवासभर मांडीवर धरून बसले.

धारूरचा घाट

मधला प्रवास सांगण्यासारखा नाही. बस, उसळ-पाव, पुन्हा बस. केजला गाडी बदलली तेव्हा दुपार तापली होती आणि माझ्या मांडीवरची पिशवी आपली ओळख सांगू लागली होती. शेजारी बसलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला.

"सुकट हाय का वो?"

"नाही हो. शेवाळ आहे."

"हिरीतलं?"

"समुद्रातलं."

"आन् त्ये कावून न्यायलाव?"

"खायला," मी म्हटलं. "लेकीला. दिवस गेलेत तिला."

आता या उठून दुसरीकडे बसणार, असं मला वाटलं. पण बाईंनी पायाजवळची पिशवी उघडली आणि माझ्या ओंजळीत बोरं ओतली. "लेकीला द्या. आंबाट हायेत. मला पोटुशीपनी ह्येच गेलतं बगा, दुसरं काय बी न्हाई." मी एकही बोर तोंडात न टाकता रुमालात बांधून ठेवली.

धारूरच्या घाटात गाडी वळणं घेत उतरते. आमच्याकडचे घाट झाडीत लपलेले, पुढच्या वळणावर काय आहे ते दिसत नाही. इथे सगळं उघडं. दगडी माळ, सीताफळीची पानं झडलेली झुडपं, खाली दूरवर ज्वारीचे पट्टे आणि उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची रांग. गाडी कुठे चालली आहे ते आधीच दिसत असल्यामुळे मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. वाटेतल्या गावांत कुलूप लागलेली बरीच घरं दिसली. आमच्याकडे बंद घर म्हणजे माणसं मुंबईला गेलेली. इथे ती ऊसतोडीला गेलेली असतात आणि ओट्यावर म्हातारी माणसं उन्हाला बसलेली असतात.

तेलगावला विकास गाडी घेऊन आला होता. मी प्राचीची चौकशी केली तर तो म्हणाला, "बरी हाय की." ज्या तऱ्हेने म्हणाला त्यावरून ती बरी नाही हे मला कळलं.

दिंद्रुड

प्राची दारात उभी होती. मला पाहून तिने हात वर केला आणि हातातल्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. मला रडू आलं. मी ते धुळीवर ढकललं.

कौसाबाई उंच, काटक, गळ्यात तुळशीची माळ. आवाज असा की घरात बोलल्या तरी गल्लीला ऐकू जावं. "या इहीणबाई, लई दमला आसताल. पानी घ्या आधी. आन् त्यो वास कशाचा येतोय?"

मी पिशवी उघडून दाखवली आणि गटाच्या बैठकीत बोलते तसं भराभरा बोलत सुटले. लोह, मॅग्नेशियम, चोथा, प्रथिनं. कौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माळेला हात लावून म्हणाल्या, "म्या माळ घातलीय बाई. तुमच्या लेकीला म्या कंदी म्हनलं न्हाई, मासळी खाऊ नगं. भायेर जाऊन खाती, मला ठावं हाय. पर माझ्या चुलीवर न्हाई."

"अहो, पण ही वनस्पती आहे."

"आसंल की. पर मासळीसंगं राह्यलीय न्हवं? तिच्याच पान्यात?"

मी पुन्हा मॅग्नेशियमपासून सुरुवात केली.

आबांनी तांबडी काडी उचलून उजेडात धरली आणि हसायला लागले. "आगं, हे तर आपून कापसावर फवारतो! विकासच्या खत-औषधांच्या दुकानात बाटल्याच्या बाटल्या हायेत ह्याच्या अर्काच्या."

"मंग कापसालाच घाला," कौसाबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून मागच्या सपरात नेली. सपर म्हणजे म्हशीचा गोठा, त्यातच बाजाराच्या पिशव्या, दोर, खुरपी टांगलेली. तिथल्या खुंटीला माझा समुद्र लटकला.

प्राचीने बोरांतली दोन-तीन खाल्ली. त्या दिवशी तिने आवडीने खाल्लेली तेवढीच गोष्ट.

पुढचे दिवस ताटांचे गेले. कौसाबाई काय करत नव्हत्या? बाजरीची ऊन भाकरी, लोणी, मेथीचे धपाटे, शेंगांची चटणी, दुधातल्या दशम्या. प्राची दोन घास खाई आणि ताट सरकवी. मला आधी वाटलं होतं, सासू म्हणून या कोरड्या असतील. मग एकदा पाहिलं, ताट उचलून नेताना त्या उरलेली भाकरी बोटांनी मोजल्यासारखी चाचपत होत्या. आम्ही दोघी विहिणी तिच्या ताटाकडे बघत बसायचो आणि आमच्याकडे बघून ती आणखीच कमी जेवायची.

एका सकाळी प्राची घरात दिसेना. शोधत गेले तर सपरात, हिरव्या पुडीत नाक खुपसून उभी. म्हैस तिच्याकडे बघत होती.

"आई, याला खाडीचा वास आहे ग. ओहोटीच्या वेळचा."

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. "चिमूटभर खातेस? कोणाला कळणार नाही."

तिने पुडी बांधून परत पिशवीत ठेवली. "नको. त्यांना फसवून नाही खायचं मला. दिवसभर माझ्यासाठी राबतात, तू बघतेस ना. पटलं त्यांना तर खाईन."

मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला.

सिरसाळ्याचा बाजार

डोहाळजेवण जवळ आलं, तसं सामान आणायला कौसाबाई, विकास आणि मी सिरसाळ्याला गेलो. बाजार मोठा, सगळं मिळतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, लाल मिरच्यांचे ढीग, ज्वारी-बाजरीची पोती, आणि प्रत्येकजण प्रत्येकाच्या नात्यातला. कौसाबाईंना येसर करायचा होता. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि खडे मसाले दळून केलेलं पीठ. त्याची आमटी करतात, आणि तिकडे लग्न असो की डोहाळजेवण, येसराच्या आमटीशिवाय पंगत उठत नाही. आमच्याकडे जो मान सुरमईला, तोच तिकडे या आमटीला.

किराणा दुकानात धने, खसखस, दालचिनी, दगडफूल अशा पुड्या बांधून होत होत्या. तेवढ्यात माझी नजर फडताळातल्या चायना ग्रासच्या पाकिटावर गेली. मला वाटलं, आता पटवायची वेळ आली.

"कौसाबाई, हे तुम्ही वापरता का हो?"

"व्हय की. उपासाला दुदात घालून वड्या करतो."

"हेही समुद्रातलं शेवाळच आहे."

कौसाबाई दुकानदाराकडे वळल्या. "खरं हाय का रं?"

त्याने पाकीट उलटंसुलटं केलं. "मावशी, मला काय म्हाईत. मी इकतो."

"इतकी वर्सं एकादशीला खाऊ घालतोयस आन् तुला म्हाईत न्हाई?" कौसाबाईंचा आवाज चढला. दुकानदार शपथा घेऊ लागला, विकास मध्ये पडला, बाजूचे लोक थांबून ऐकू लागले. कौसाबाईंनी चायना ग्रास फडताळात परत ठेवायला लावलं आणि पिशव्या उचलून तरातरा चालायला लागल्या. म्हणजे प्राचीच्या पोटात जाऊ शकणारी आणखी एक वस्तू मी माझ्या हुशारीने घरातून घालवली.

त्या गडबडीत दगडफुलाची पुडी गल्ल्यावरच राहिली. हे त्या वेळी कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी किती गोष्टींची काळजी करत होते, पण दगडफुलाची करावी असं मला सुचलं नव्हतं.

येसर

येसर भाजायच्या दिवशी आबांनी मला हुरडा खायला रानात नेलं. शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ज्वारीची कणसं भाजून, तळहातावर चोळून गरम दाणे खायचे, सोबत लसणाची चटणी. थंडी चांगली होती. आमच्याकडे थंडी म्हणजे अंगावर एक ओढणी. इथे सकाळी कानाला फडकं बांधावं लागतं. आबांनी टमाट्यांची रोपं दाखवली. "तुमचं त्ये काळं शेवाळ टाकू ह्याच्या बुडाला. बगू कसं काय येतंय."

परत आलो तर गल्लीच्या तोंडापासून भाजलेल्या मसाल्याचा वास. चुलीपुढे कौसाबाईंची जाऊ, सखूअक्का, शिंकत बसली होती. शेजारच्या दोघी येसर चाळत होत्या. सखूअक्का म्हणाली, "औंदाचं दगडफूल लई उग्र हाय बाई."

मीही शिंकले आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण. प्राचीला हिरवी साडी, फुलांचे दागिने, अंगणात बायका गाणी म्हणत होत्या. ओटी भरताना तिला झोक्यावर बसवलं तेव्हा ती थकलेली दिसत होती आणि मी मनात एकच म्हणत होते, आज तरी चार घास जाऊ देत. पंगत बसली. पुरणपोळी, भजी, कुरडई, भात आणि वर येसराची आमटी, तर्रीदार, काळसर.

प्राचीने आमटीचा पहिला भुरका घेतला आणि थांबली. मग मान वर करून माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, कशासाठी ते मला कळलं नव्हतं. तिने वाटी संपवली. पुन्हा मागितली. भातावर ओतून घेतली. किती महिन्यांनी तिला असं जेवताना मी पाहत होते! कौसाबाई वाढायचा डाव हातात घेऊन तिच्यापुढेच उभ्या होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या. "वाढा गं, वाढा माझ्या लेकराला. ऊन ऊन वाढा."

मला इतका आनंद झाला की काहीतरी काम करावंसं वाटलं. आबांचं खत आठवलं. सपरात गेले, खुंटीवरची पिशवी काढली. हिरवी पुडी होती, तांबडी होती. तपकिरी पुडी उघडी होती आणि जवळजवळ रिकामी.

पुडीच्या तळाशी थोडे तुकडे राहिले होते. वरून काळपट, खालून पांढुरके, कडा वळलेल्या. त्या घटकेला मला ते जसे दिसले तसे आधी कधीच दिसले नव्हते. हुबेहूब दगडफूल.

मी पुडी घेऊन धावत अंगणात आले. "सखूअक्का, हे कुठे घातलंत?"

"येसरात की. दगडफूल घावंना, मंग वैनी म्हनल्या, सपरातल्या पिशवीत आसंल बग. तितंच व्हतं."

कौसाबाईंना बाजाराची पिशवी म्हणायची होती. शेजारच्या खुंटीला माझी होती.

मी प्राचीच्या समोरची वाटी उचलली. उचलली म्हणजे हिसकावलीच. "खाऊ नकोस! थांब!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सगळी पंगत थांबली. काय झालं ते मी कसंबसं सांगितलं, आणि सांगताना माझ्या डोळ्यांपुढे एकच होतं, थायरॉइड, बाळ, थायरॉइड, बाळ. विकासने तिथूनच परळीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

त्यांनी शांतपणे विचारलं. कुठलं शेवाळ? किती घातलं? एकूण मसाला किती? त्यातला आमटीत किती, आणि तिने किती वाट्या खाल्ल्या? मी उत्तरं देत गेले. घराला वर्षभर पुरेल एवढ्या येसरात एक पुडी, सगळ्या पंगतीच्या आमटीत त्यातले चार डाव, आणि तिच्या दोन वाट्या. म्हणजे तिच्या वाट्याला चिमटीतही येणार नाही एवढं. बाई म्हणाल्या, "एवढ्याने घाबरायचं कारण नाही. तो मसाला तिला पुन्हा देऊ नका. गोळी चालू ठेवा, उद्या आणा, बघते. आणि ताई, पौष्टिक पौष्टिक म्हणून गरोदर बाईच्या घरात असल्या वस्तू नाव न लिहिता ठेवू नका."

मी फोन खाली ठेवला. एक भीती थोडी उतरली आणि लगेच दुसरी चढली. पंगतीतल्या निम्म्या बायकांच्या गळ्यात माळा होत्या. सगळ्यांनी आमटी खाल्ली होती. सखूअक्का रडायला लागली. "म्या बाटवलं समद्यांना."

कौसाबाईंनी डाव पातेल्यात ठेवला आणि देवघरात गेल्या. मी मनातल्या मनात कपडे भरले, बस पकडली, मालवणला पोचले आणि लेकीचं सासर कायमचं तोडून बसलेसुद्धा.

प्राचीने माझा हात धरला. "आई, मला पहिल्याच भुरक्याला कळलं होतं. मला वाटलं, तू त्यांना पटवलंस. म्हणून हसले मी."

कौसाबाई बाहेर आल्या. "सखू, रडू नगं. आपून रामेश्वरला गेलतो, आठवतंय का? समुद्रात बुड्या मारल्या. तुझ्या नाकातोंडात पानी गेलतं, खोकून खोकून बेजार झालतीस. तवा कोन बाटलं?"

"न्हाई कोन," सखूअक्का डोळे पुसत म्हणाली.

"मंग गप. त्ये तर नुसतं पानी न्हवतं, मासळी पवत व्हती त्याच्यात. ह्यो तर निस्ता पाला हाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. मी हात जोडले. "हात नगा जोडू इहीणबाई. पर तुमी वराडलाव, लेकरू घाबरलं, आन् भात तसाच राह्यला बगा तिच्या ताटात. येवढ्या दिसांनी जेवत व्हती."

मी ताटाकडे पाहिलं. खरंच, भात तसाच होता.

त्यांनी ताट बदललं, वरण-भात कालवला, तूप घातलं आणि प्राचीपुढे बसून स्वतःच्या हाताने घास पुढे केला. प्राचीने खाल्ला. मी मोजले नाहीत, पण ताट रिकामं झालं.

परळी, आणि निघताना

दुसऱ्या दिवशी प्राचीबरोबर कौसाबाई आणि मीही परळीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, रक्त घेतलं, आणि मी बरोबर नेलेली हिरवी पुडी हातात घेऊन माझी उलटतपासणी केली. कुठून काढता, पाणी स्वच्छ असतं का, किती वेळा धुता? मग म्हणाल्या, आठवड्यातून एखाद्या वेळी, चिमूटभर, रोज नाही, आणि गोळीच्या वेळेला मुळीच नाही. चायना ग्रासची वडी चालेल. परतीच्या वाटेवर ती पुडी कौसाबाईंच्या मांडीवर होती.

घरी आल्यावर त्यांनी ते शेवाळ पुन्हा पुन्हा धुतलं, देवापुढे ठेवलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि धपाट्याच्या पिठात मळलं. पहिला धपाटा तव्यावरून उतरला तेव्हा त्यांनी एक कोपरा तोडून स्वतःच्या तोंडात टाकला. बराच वेळ चावला. "मीठ कमी घालाय पायजे व्हतं," एवढंच म्हणाल्या. प्राचीने तो धपाटा दह्याशी संपवला.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या पिशवीत एक जड डबा ठेवला. तो सगळा येसर. "टाकून द्यायला जीव होत न्हाई. आन् हितं ठिवला तर चुकून लेकराच्या ताटात जायाचा. तुमच्याकडं समुद्र हाय, तुमाला चालंल." आबांच्या टमाट्यांना मात्र काही मिळालं नाही. ते गाडीपर्यंत पोचवायला आले आणि पुढच्या वेळी पोतंभर आणा म्हणाले.

आता मी मालवणला त्या येसराची आमटी करते. आमच्या गटातल्या बायकांना ती फार आवडते. प्राचीचा रक्ताचा अहवाल आला. थायरॉइड जागेवर आहे, वजन थोडं चढलं आहे. तरी मी काळजी सोडलेली नाही. दिवस भरायचे आहेत अजून, आणि मी तिथे नाही.

दुपारी फोन वाजतो. पूर्वी मीच करायचे आणि प्राचीला हजार गोष्टी विचारायचे. आता तिच्या फोनवरून कौसाबाई बोलतात. कशा आहात नाही, काय चाललंय नाही.

"जेवली," त्या म्हणतात.

"बरं," मी म्हणते, आणि माझं ताट वाढून घेते.